गोठवलेले मासे एअर फ्रायरमध्ये कसे भाजावेत

गोव्यात १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींना समुद्रात मासेमारी करण्यास बंदी असते. या ६१ दिवसांत म्हापसा, पणजी वा मडगावच्या बाजारात नदीचे आणि खाडीचे मासे येत राहतात. मात्र इसवण (सुरमई), पापलेट यांसारखे मोठे मासे दुर्मीळ होतात आणि मिळाले तरी त्यांचा भाव परवडत नाही. पूर्वी या दिवसांची सोय पुरुमेंतात, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीत, होत असे. पावसाळ्याच्या तोंडावर सुके बांगडे, सुकी सुंगटे (कोळंबी), आमसुले आणि मीठ घरात भरून ठेवले जाई. आता त्या तरतुदीत फ्रीझरमधल्या माशांची भर पडली आहे आणि अनेक स्वयंपाकघरांत एअर फ्रायरही आला आहे. तरीही या दोहोंची सांगड घालताना बऱ्याच जणांची निराशा होते: वरचा रवा पांढराच राहतो, मसाला सुटून खाली साचतो आणि मासा बाहेरून ओला तर आतून चोथ्यासारखा लागतो. या तिन्ही दोषांचे मूळ बहुतेक वेळा एकच असते, ते म्हणजे माशात आणि माशावर राहिलेले पाणी. त्याचा बंदोबस्त कसा करावा, हे समजले की उरलेली कृती सोपी आहे.

एअर फ्रायर ही खरे तर वरच्या बाजूला तापणारी तार आणि तिच्याजवळ वेगाने फिरणारा पंखा असलेली एक छोटी भट्टी आहे. तव्यावरचे गरम तेल माशाला थेट टेकते आणि पृष्ठभागावरचे पाणी चरचरत उडवून लावते. हवा मात्र तेलापेक्षा फार सावकाश उष्णता देते. पृष्ठभाग ओला असेपर्यंत त्याचे तापमान १०० अंशांच्या वर जात नाही आणि त्याहून बरेच वर गेल्याशिवाय रवा तांबूस होत नाही. बर्फ असेल तर अडचण आणखी वाढते. एक ग्रॅम बर्फ नुसता वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्या उष्णतेत तेच पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापले असते. म्हणून बर्फाचा थर असलेली तुकडी मसाला लावून सरळ भांड्यात ठेवली, तर पहिला बराच वेळ भाजण्यात जातच नाही. तेवढ्या वेळात मसाला धुऊन जातो आणि कडा कोरड्या पडतात.

सुरुवात खरेदीपासून करावी. पाकिटावरची गोठवल्याची तारीख पाहावी आणि पाकीट हातात घेऊन हलवावे. तुकड्या सुट्या वाजत असतील तर उत्तम. त्या एकमेकींना चिकटून गोळा झालेला असेल आणि आत भुसभुशीत हिम साचलेले असेल, तर मासा मध्येच वितळून पुन्हा गोठला असण्याची शक्यता असते. तुकडीच्या कडेला पांढरे, कोरडे डाग असतील तर तो भाग भाजल्यावर चिवट लागतो. सुंगटांवर पाण्याचा पातळ लेप मुद्दाम दिलेला असतो, त्यामुळे ती कोरडी पडत नाहीत. मात्र तो लेप जाड असेल तर आपण माशाच्या दराने बर्फ विकत घेत असतो, म्हणून पाकिटावरचे निव्वळ वजन वाचावे. बंदीपूर्वी ताजे मासे आणून घरीच गोठवायचे असतील, तर ते साफ करून, धुऊन, कोरडे पुसून, दोन तुकड्यांमध्ये बटर पेपर घालून एका थरात ठेवावेत. घरचा फ्रीझर सावकाश गोठवतो, त्यामुळे बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि वितळताना माशाचा रस अधिक सुटतो; थर पातळ असेल तर हे नुकसान कमी होते. मीठ-मसाला लावून गोठवण्याची सवय सोयीची वाटते, परंतु मिठामुळे तेलकट माशाला लवकर खवट वास येतो. बांगडा आणि तारले (सार्डिन) तर साधे गोठवलेलेसुद्धा दोन-तीन महिन्यांत संपवावेत.

मासा वितळवण्याची सर्वांत चांगली जागा म्हणजे फ्रिजचा खालचा कप्पा. आदल्या रात्री खोलगट ताटावर जाळी ठेवून त्यावर तुकड्या मांडाव्यात, म्हणजे सुटलेले पाणी खाली निथळेल आणि मासा त्यात भिजत राहणार नाही. हवाबंद पाकिटातला मासा असेल तर पाकीट आधी कापून उघडावे, कारण हवेविना वाढणारे काही घातक जंतू फ्रिजच्या थंडीतही वाढू शकतात. घाई असेल तर तुकड्या घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत घालून गार पाण्यात बुडवाव्यात आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदलावे. ओट्यावर उघड्यावर वितळत ठेवणे मात्र टाळावे. आपल्याकडच्या दमट उष्म्यात माशाचा बाहेरचा भाग तासाभरात गरम होतो आणि आत बर्फ तसाच राहतो. बांगडा, तारले, इसवण यांसारख्या माशांत उष्ण जागी हिस्टामिन नावाचे अपायकारक द्रव्य तयार होते. त्याने अंगावर लाल चट्टे उठतात, तोंड चुणचुणते, आणि ते नंतर कितीही भाजले किंवा पुन्हा गोठवले तरी नष्ट होत नाही. या बाबतीत कोणतीही सवलत घेऊ नये.

वितळलेल्या तुकड्या स्वच्छ कापडाने किंवा कागदी रुमालाने दोन्ही बाजूंनी टिपून घ्याव्यात. त्यानंतर फक्त मीठ आणि हळद लावून पंधरा मिनिटे ठेवाव्यात. मिठाने आणखी थोडे पाणी सुटते, तेही पुन्हा टिपावे. हा दुसरा टप्पा अनेक जण गाळतात, पण खुसखुशीतपणाचा निम्मा हिशेब इथेच चुकता होतो. मग मिरची पूड, वाटलेली आले-लसूण आणि थोडे आगळ (कोकमाचा आंबट रस) लावावे. आगळ किंवा लिंबू लावून वीस मिनिटांहून अधिक ठेवू नये, कारण गोठवलेल्या माशाचे मांस आधीच थोडे मऊ झालेले असते आणि आंबटात फार वेळ राहिले तर त्याचा चुरा होऊ लागतो. वाटण दाट असावे. पातळ मसाला पंख्याच्या वाऱ्याने आणि स्वतःच्या वजनाने खाली ओघळतो. पीठ कालवून त्यात बुडवलेले मासेही याच कारणाने या यंत्रात जमत नाहीत.

रव्याचे तंत्र तव्यापेक्षा वेगळे आहे. बारीक रवा आणि तांदळाचे पीठ साधारण तीनास एक या प्रमाणात मिसळावे, तुकडी त्यात घोळवून तळव्याने घट्ट दाबावी आणि सुटा रवा झटकून टाकावा, कारण सुटा रवा वाऱ्याने उडून वरच्या तापत्या तारेवर जातो आणि जळतो. दाबलेली तुकडी पाच मिनिटे तशीच ठेवली की रवा ओलावा शोषून चिकटतो. त्यानंतर तेल लावावेच लागते. कोरड्या हवेत कोरडा रवा कितीही वेळ ठेवला तरी पांढरा आणि कचकचीत राहतो. चार तुकड्यांना दोन चमचे खोबरेल पुरते आणि ते ब्रशने प्रत्येक बाजूला, कडांनाही, लावावे. तेल अजिबात न घालता तळलेल्या माशाची चव मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. तव्यावरच्या तेलाच्या तुलनेत हे तेल फारच थोडे आहे आणि तेवढे तरी माशाला द्यायलाच हवे.

यंत्र २०० अंशांवर तीन-चार मिनिटे रिकामे तापवून घ्यावे आणि जाळीला तेलाचा हात फिरवावा. रिकामे तापवताना आत कागद ठेवू नये. तो उडून तारेला लागतो आणि पेट घेऊ शकतो. तुकड्या एकाच थरात, एकमेकींपासून बोटभर अंतरावर मांडाव्यात. दोन सेंटिमीटर जाडीच्या इसवणाच्या कापांना २०० अंशांवर साधारण नऊ ते अकरा मिनिटे लागतात. सहाव्या मिनिटाला ती पातळ उलथन्याने हलकेच उलटावीत. पोट साफ करून दोन्ही अंगांना चिरा दिलेल्या मध्यम आकाराच्या अख्ख्या बांगड्याला १९० अंशांवर बारा ते चौदा मिनिटे पुरतात. लेपो हा चपटा मासा पातळ असल्याने सहा-सात मिनिटांत होतो आणि एक मिनिट जास्त झाले तरी वाळतो. बांगड्याच्या पोटात आणि चिरांत रेशाद मसाला (लाल मिरच्या आणि व्हिनेगरचे गोव्यातले वाटण) भरला असेल तर तापमान १८० अंशांवर आणून वेळ दोन-तीन मिनिटांनी वाढवावा; त्या मसाल्यात साखर असते आणि ती मोठ्या आचेवर काळी पडून कडवट लागते. यंत्रागणिक आच बदलते, म्हणून पहिल्या वेळी सांगितलेल्या वेळेच्या दोन मिनिटे आधीच पाहावे. काट्याने सर्वांत जाड भागात टोचल्यावर मांस पाकळ्यांसारखे सुटले, आत पारदर्शक दिसले नाही आणि मधल्या हाडाजवळ मांस सहज सुटले की तो झाला. स्वयंपाकाचा तापमापक असेल तर मध्यभागी ६३ अंश दिसले की थांबावे.

मासा वितळवायला वेळच नसेल, तर सुट्या कापांपुरता दुहेरी आचेचा मार्ग घ्यावा. गोठलेली कापे तेल लावलेल्या जाळीवर ठेवून १८० अंशांवर पाच मिनिटे तापवावीत. मग बाहेर काढून खालच्या भांड्यात साचलेले पाणी ओतून टाकावे, कापे नीट टिपावीत आणि आता मीठ, मसाला, रवा व तेल लावून २०० अंशांवर नऊ-दहा मिनिटे भाजावीत. मसाला आत मुरत नसल्याने मीठ-मिरची किंचित जास्त घ्यावी. चव वितळवून केलेल्या माशाइतकी खोल येत नाही, परंतु कामावरून उशिरा परतल्यावर हे जेवण समाधानाचे होते. अख्ख्या बांगड्याला हा मार्ग लागू नाही. पोटातला बर्फ शेवटपर्यंत टिकतो आणि मसालाही भरता येत नाही. विकत मिळणारे रव्याचे किंवा ब्रेडक्रम्सचे आवरण असलेले तयार तुकडे मात्र मुळीच वितळवू नयेत, नाहीतर आवरण गळून पडते. ते २०० अंशांवर दहा-बारा मिनिटे, मध्ये एकदा उलटून, सरळ भाजावेत.

कोणता मासा निवडावा, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. बांगडा आणि तारले यांच्या अंगचे तेल कोरड्या हवेत त्यांचे रक्षण करते, म्हणून गोठवलेल्या माशांत या यंत्रासाठी ते सर्वांत विश्वासाचे आहेत. इसवण घट्ट असल्याने टिकतो. चोणक (जिताडा) आणि मुडदुशी (लेडीफिश) यांचे मांस नाजूक व कमी तेलाचे असते. गोठवणीनंतर ती लवकर कोरडी पडतात, तेव्हा त्यांना तेल थोडे अधिक आणि वेळ थोडा कमी द्यावा, किंवा त्यांची सरळ आमटी करावी. तेलकट मासा भाजताना तेल खाली ठिबकून धूर येतो. खालच्या भांड्यात, जाळीला न लागेल इतपत, दोन चमचे पाणी घातले की तो थांबतो.

यंत्र १५०० वॅट किंवा त्याहून जास्त क्षमतेचे असेल तर ते १६ अँपिअरच्या सॉकेटलाच जोडावे आणि एक्स्टेंशन बोर्ड वापरू नये. काम झाल्यावर जाळी कोमट असतानाच साबणाच्या पाण्यात भिजवावी, तारेच्या घासणीऐवजी मऊ स्पंजने धुवावी आणि वास उरला तर लिंबाची फोड चोळून पुन्हा धुवावी. यंत्र पूर्ण गार झाल्यावर प्लग काढून वरची तारही ओलसर कापडाने पुसावी, कारण तिथे उडालेला मसाला पुढच्या खेपेला जळतो आणि त्याचा वास केकलासुद्धा लागतो. उरलेल्या तुकड्या फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी १६० अंशांवर चार मिनिटे गरम केल्या तर रवा पुन्हा कुरकुरीत होतो.