कोड जनरेशनचा बग सोडवताना या चुका टाळा

प्रोग्राम कंपायलरच्या ओ-० वर (ऑप्टिमायझेशन बंद) बरोबर चालतो, ओ-२ वर (ऑप्टिमायझेशन चालू) चुकीचं उत्तर देतो, आणि लगेच कुणीतरी म्हणतं, "तो एक पास बंद करून टाकू." एलएलव्हीएम या कंपायलरच्या बॅकएंडवर, म्हणजे मशीन कोड तयार करणाऱ्या भागावर, काम करताना हे वाक्य इतक्यांदा कानावर पडलंय की आता चीड येते. पास म्हणजे कोडवर काम करणारा कंपायलरचा एक टप्पा. तो बंद केल्याने बग जात नाही, फक्त दिसेनासा होतो.

एक किस्सा सविस्तर सांगतो. एक्स-८६ प्रोसेसरवर ईएएक्स या रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या साठवणीत) शून्य भरायला मूव्ह ही इन्स्ट्रक्शन ५ बाइट घेते. ईएएक्सचा स्वतःशीच एक्सॉर केला तर २ बाइटांत भागतं. एलएलव्हीएमच्या एका खासगी फोर्कमध्ये (वेगळ्या प्रतीत) रजिस्टर अलोकेशननंतर, म्हणजे कुठली किंमत कुठल्या रजिस्टरमध्ये राहील हे ठरल्यावर, चालणारा छोटा पास होता: मूव्ह शून्य दिसली की तिचा एक्सॉर कर. टेस्ट पास झाल्या. मग एका मोठ्या फंक्शनमधला लूप पहिल्याच फेरीत संपू लागला. रजिस्टर अपुरे पडले म्हणून अलोकेटरने शून्य ऐनवेळी पुन्हा तयार केलं होतं, तेही नेमकं सीएमपी (तुलना) आणि जेएल ('लहान असेल तर उडी') यांच्या मध्ये. तुलनेचा निकाल प्रोसेसरच्या फ्लॅगमध्ये राहतो. मूव्ह फ्लॅगना हात लावत नाही, त्यामुळे अलोकेटरचं काहीच चुकलं नव्हतं. पण त्या मूव्हचा एक्सॉर झाला की साइन आणि ओव्हरफ्लो हे दोन्ही फ्लॅग शून्य होतात. जेएल उडी मारते ते दोन्ही वेगळे असतील तरच. म्हणजे उडी कधीच नाही.

टीममधल्या नव्या मुलाने अलोकेटरचं ते पुन्हा तयार करणंच बंद केलं. टेस्ट हिरवी झाली, पॅच मर्ज झाला. पुढे दुसऱ्या फंक्शनमध्ये तोच बग. या वेळी शून्य मध्ये आणून ठेवलं होतं अलोकेशननंतरच्या शेड्युलरने, म्हणजे इन्स्ट्रक्शनचा क्रम बदलणाऱ्या पासने. त्याला तरी कसं कळणार? आमच्या त्या छोट्या पासने जुन्याच इन्स्ट्रक्शनचे ऑपकोड आणि ऑपरँड बदलले होते, त्यामुळे 'ही ईफ्लॅग्स (फ्लॅगचं रजिस्टर) बदलते' अशी खूण तिच्यावर नव्हतीच. खूण नाही म्हणून मशीन कोडचे नियम तपासणारा मशीन व्हेरिफायरही गप्प.

खरी दुरुस्ती लहान होती. त्या जागी ईफ्लॅग्स जिवंत आहेत का, म्हणजे पुढे त्या कुणी वाचणार आहे का, ते तपासायचं. असतील तर मूव्हच राहू द्यायची. नसतील तर एक्सॉर ही एलएलव्हीएमच्या बिल्डरकडून (इन्स्ट्रक्शन बनवणाऱ्या कोडकडून) नव्याने बनवून घ्यायची, म्हणजे खूण आपोआप लागते. मूळ एलएलव्हीएमचा एक्स-८६ बॅकएंड शून्य पुन्हा तयार करताना फ्लॅगची हीच काळजी घेतो. शेजारचा कोड न वाचता पास लिहिण्याची घाई मला कळत नाही.

म्हणून बायसेक्टवर (कितव्या पासपासून बग दिसतो ते शोधण्यावर) डोळे मिटून विश्वास ठेवू नका. तो बग उघडा पाडणारा पास दाखवतो. गुन्हेगार बऱ्याचदा दुसराच असतो. मी प्रत्येक पासनंतरचा एमआयआर (मशीन कोडचं कंपायलरच्या आतलं रूप) छापतो आणि पहिली चुकीची ओळ सापडेपर्यंत वरून खाली वाचतो. कंटाळवाणं आहे, पण मला दुसरा रस्ता भरवशाचा वाटत नाही.

मूळ सी कोडमध्येच अनडिफाइंड बिहेवियर (भाषेच्या नियमांनी ज्याचा निकाल ठरवलेलाच नाही असं काही) आहे का, ते सॅनिटायझर (असं काही चालताना पकडणारं साधन) लावून आधी बघा. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

हजार ओळींच्या फाइलवर डिबगर लावू नका. बग टिकवून फाइल छोटी करणाऱ्या एलएलव्हीएम-रिड्यूसला रात्रभर चालू द्या.

इमिजिएटची (इन्स्ट्रक्शनमध्येच लिहिलेल्या आकड्याची) मर्यादा पॅटर्नमध्येच (इन्स्ट्रक्शन निवडण्याच्या नियमातच) तपासा. रिस्क-फाइव्ह प्रोसेसरच्या एडीडीआय या बेरजेच्या इन्स्ट्रक्शनमध्ये -२०४८ ते २०४७ एवढंच मावतं. मोठ्या स्टॅक फ्रेममधला (फंक्शनच्या कामाच्या मेमरीतला) ४०९६ हा ऑफसेट असेंब्लीच्या मजकुरात व्यवस्थित छापलेला दिसतो आणि असेंबलर तो नाकारतो. पण थेट ऑब्जेक्ट फाइल लिहिताना वरचे बिट गुपचूप गळू शकतात, आणि १२ बिटांत ४०९६ चे उरतात शून्य. म्हणून मी दोन्ही वाटांनी कोड काढून डिसअसेंब्ली ताडून बघतो.

आणि टेस्ट पडली की अपेक्षित आउटपुट स्क्रिप्टने पुन्हा तयार करून मोकळं होऊ नका. ती स्क्रिप्ट चुकीचा कोडही तितक्याच निष्ठेने उतरवून घेते. बदललेली प्रत्येक ओळ वाचा, आणि ती का बदलली हे पॅचच्या वर्णनात लिहा. ते लिहिलेलं नसेल तर मी रिव्ह्यूमध्ये पॅच परत पाठवतो.