कोल्हापूरला कायमचं राहायला जावं का? ठरवण्याआधी काय काय करावं

मुंबई-पुण्याची माणसं कोल्हापूरला स्थायिक व्हायचा विचार करतात तो बहुतेक वेळा दोन दिवसांच्या सहलीवरून. पहाटे अंबाबाईचं दर्शन, मग मिसळ, संध्याकाळी रंकाळा, दुसऱ्या दिवशी पन्हाळा. परतीच्या गाडीत कुणीतरी म्हणतं, ‘इथंच राहायला आलो तर?’ हा विचार वाईट नाही. आम्ही याच विचाराने डोंबिवली सोडली आणि आज इथे आनंदात आहोत. पण ठरवताना आमचा बराच वेळ भाडं किती वाचेल या हिशेबात गेला. हातातली नोकरी सुटली तर दुसरी कुठे, आणि पावसाळ्यात हे शहर कसं असतं, हे दोन प्रश्न आम्हाला फार उशिरा सुचले. तुम्ही सुरुवातच त्यांनी करा.

१. आधी दुसरी नोकरी शोधा

हातात कोल्हापूरची एक नोकरी आहे, म्हणजे काम झालं असं वाटतं. मुंबईत एक सुटली तर त्याच लोकल लाइनवर दुसरी मिळते. मध्यम शहरात तुमच्या कामाच्या जागा मोजक्याच असतात.

कोल्हापूरचा कणा म्हणजे फौंड्री आणि मशीन शॉप. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलची पंचतारांकित औद्योगिक वसाहत इथे ओतकाम, मशिनिंग, सुटे भाग हे काम चालतं. त्याभोवती साखर कारखाने आणि दूध संघ, इचलकरंजीला कापड, हुपरीला चांदी. शिवाजी विद्यापीठ १९६२ पासूनचं, त्यामुळे शिक्षण क्षेत्रही मोठं. मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून इथे सुरू झालं, तेव्हापासून वकिलांचं गणितच बदललं आहे. तुम्ही कास्टिंगमधले असाल तर दुसरी नोकरी दहा-पंधरा किलोमीटरच्या आत सापडेल. जाहिरात, विमा, मोठ्या बँकांचं मुख्यालयातलं काम किंवा मोठ्या आयटी कंपन्यांची सवय असेल, तर जागा हाताच्या बोटांवर मोजाव्या लागतील.

एक संध्याकाळ काढा आणि तुमचं आजचं काम तुम्हाला देऊ शकतील अशी पाच ठिकाणं लिहा. त्यातल्या दोघांशी तरी फोनवर बोला. मग दुसरा कागद घेऊन जोडीदारासाठी तेच करा. हा दुसरा कागद बहुतेक घरांत लिहिलाच जात नाही, आणि पुढची कटकट तिथूनच सुरू होते. यादी तीनच्या पुढे जात नसेल तर जाऊ नका असं मी म्हणणार नाही, पण मग वर्षभराचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय हलू नका. घरून काम करणार असाल तर कार्यालयात परत बोलावलं जाणार नाही हे लेखी घ्या. तोंडी परवानगीवर बिऱ्हाड हलवू नये.

२. जुलैच्या शेवटी येऊन राहा

दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापूर सुंदरच दिसतं. खरं शहर बघायचं तर जुलैचा शेवटचा आणि ऑगस्टचा पहिला आठवडा गाठा.

भोगावती, कासारी, कुंभी, तुळशी यांचं पाणी एकत्र येऊन पंचगंगा होते. वर घाटमाथ्यावर पाऊस धरला, राधानगरी धरण भरलं आणि त्याचे स्वयंचलित दरवाजे उघडले, की इथे सगळ्यांच्या तोंडी एकच आकडा असतो : राजाराम बंधाऱ्याजवळची पाणीपातळी. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. सकाळी पेपर उघडला की इथला माणूस आधी तो आकडा बघतो. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पातळी ५५ फुटांच्या वर गेली. पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि काही दिवस बंद राहिला. दूध, भाजी, पेट्रोल सगळं अडलं.

बाहेरच्या माणसाच्या लक्षात न येणारी एक गोष्ट सांगतो. पूर आला की नळाचं पाणी जातं. शहराला पाणी देणारी उपसा केंद्रं नदीकाठीच होती, ती बुडाली की पंप बंद. त्यामुळे ज्यांच्या दारात पुराचा थेंबही आला नाही, ते लोकही घागरी घेऊन टँकरच्या रांगेत उभे होते. पुढे काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइन झाली आणि २०२३ च्या दिवाळीत ते पाणी शहरात आलं. तरीही ज्या भागात घर बघताय तिथे पाणी किती दिवसांनी येतं, किती वेळ येतं आणि कुठल्या मजल्यापर्यंत चढतं, हे शेजाऱ्यांनाच विचारा. घरमालकाच्या उत्तरावर थांबू नका.

त्या आठवड्यात हॉटेलात राहू नका. ओळखीच्या कुणाकडे किंवा महिन्याच्या भाड्याच्या खोलीत राहा. पर्यटन अजिबात नको. सकाळी कामाच्या वेळेला एमआयडीसीपर्यंत दुचाकीने जाऊन या. घरून काम असेल तर दिवसभर तिथूनच काम करा आणि वीज किती वेळा जाते ते लिहून ठेवा. संध्याकाळी भाजी आणा, एक दिवस केएमटीच्या बसने फिरा. मुलांना पाचव्या दिवशी काय वाटतं ते विचारा, पहिल्या दिवशी नको.

३. वॉर्ड नको, गल्ली तपासा

पेठेच्या किंवा कॉलनीच्या नावावरून पुराचा अंदाज येत नाही. शाहूपुरीतली कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, सुतारवाडा, सिद्धार्थनगर, बापट कॅम्प, रमणमळा हे पाणी येणारे भाग सगळ्यांना माहीत आहेत. पण बंगल्यांचा नावाजलेला नागाळा पार्कही सगळा कोरडा राहत नाही. एकाच रस्त्याचं वरचं टोक सुरक्षित आणि खालच्या टोकाला पहिला मजला रिकामा करावा लागतो. राजारामपुरी, विद्यापीठाकडचा भाग, कळंबा, उजळाईवाडी ही बाजू तुलनेने उंच आहे.

चौकशीची रीत साधी. दलालाला सोबत न घेता जा आणि कोपऱ्यावरच्या दूधवाल्याला किंवा पिठाच्या गिरणीवाल्याला विचारा, ‘दादा, एकोणीसला पाणी कुठवर आलं होतं? आणि एकवीसला?’ दोन्ही वर्षं विचारा. आम्ही एका घराच्या दारात उभ्या असलेल्या बाईंना विचारलं, ‘काकू, इथे पाणी येतं का?’ त्या म्हणाल्या, ‘आमच्यात न्हाई आलं, पर खालच्या गल्लीतली समदी आमच्याच माडीवर हुती.’ आम्ही घर तिथेच घेतलं. पाणी न येण्याइतकंच, पाणी आल्यावर दार उघडणारे शेजारी असणंही आम्हाला महत्त्वाचं वाटलं.

पुढे विकत घ्यायचं असेल तर पाटबंधारे विभागाची पूररेषा बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. गट क्रमांक घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात जा आणि जागा कुठल्या रेषेत आहे ते विचारा.

४. डॉक्टर आणि शाळा

इथे ‘सोयी चांगल्या आहेत’ या उत्तराचा उपयोग नाही. वडिलांना डायलिसिस लागत असेल तर आठवड्यातल्या कुठल्या वाराला जागा मिळेल, हे केंद्रात जाऊन विचारा. मुलाला एखादा दुर्मीळ विकार असेल तर त्याचा तज्ज्ञ इथे रोज बसतो की महिन्यातून एकदा पुण्याहून येतो, ते कळलं पाहिजे. सीपीआर हे मोठं सरकारी रुग्णालय आहे आणि खासगी रुग्णालयंही बरीच आहेत, पण तुमच्या घरातल्या आजारापुरतंच बघा. शाळेचं म्हणाल तर मुलगा नववी-दहावीत असताना बोर्ड बदलू नका, एवढं पाळलं तरी पुरे.

५. वर्षाचा हिशेब मांडा, महिन्याचा नको

समजा, भाड्यात महिन्याला १५,००० वाचले. वर्षाचे झाले १,८०,०००. पगार महिन्याला १०,००० ने कमी झाला, म्हणजे १,२०,००० गेले. आईवडील मुंबईत असतील तर सण, आजारपण, लग्नं धरून दोघांच्या फेऱ्यांचे ४०,००० धरा. हातात उरले २०,०००, आणि त्यातून दुसरी दुचाकी घ्यायची आहे. पैसे वाचतील म्हणून येणाऱ्यांनी हा कागद आधी लिहावा. वेळ वाचावा, मुलांना मोकळं मैदान मिळावं, म्हातारपणी पायी देवळात जाता यावं म्हणून येणार असाल तर उरलेले २०,००० सुद्धा पुष्कळ आहेत.

फेऱ्यांचा अंदाज घेताना महालक्ष्मी एक्सप्रेस धरा, रात्री मुंबईत बसलं की सकाळी इथे. पुण्याची वंदे भारत सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हा आठवड्यातून तीनच दिवस होती, त्यामुळे वार बघूनच तिच्यावर विसंबा.

६. अकरा महिने भाड्याने राहा

जुनं घर विकू नका. भाड्याने द्या आणि इथे अकरा महिन्यांच्या करारावर राहा. करार नोंदवलेला असावा, आणि कायद्याने ती जबाबदारी घरमालकाची आहे. गाडीचा नंबर बदलायची गरज नाही, राज्य तेच असल्याने फक्त पत्ता बदलायचा. बेळगावला गेला असतात तर कर्नाटकची नोंदणी करावी लागली असती. मतदार यादीसाठी नमुना ८ भरावा लागतो, पण ती घाई पहिल्या वर्षी करू नका.

या महिन्यांत एक पावसाळा आणि एक गणेशोत्सव आला पाहिजे. इथल्या तालमींचा, म्हणजे पेठापेठांतल्या आखाड्यांच्या मंडळांचा, उत्सव जोरदार असतो आणि मिरवणूक रात्रभर चालते. घरात तान्हं बाळ किंवा हृदयरोगी असेल तर हे बघूनच ठरवा. ओळखी आपोआप होतात असंही धरू नका. इथे बहुतेकांची नाती तालमीतून, शाळेतून, गावच्या भावकीतून आलेली. नव्या माणसाला चहाला बोलावतील, पण पुढचं पाऊल आपण टाकायचं. गल्लीतल्या मंडळाची वर्गणी स्वतः जाऊन द्या, पुरात पोळ्या लाटायला बसा. आमच्या घरात पहिली खरी ओळख तशीच झाली.

नवव्या महिन्यात घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसावं, प्रत्येकाने आपलं मत आधी कागदावर लिहावं आणि मगच बोलावं. नाहीतर ज्याच्या नोकरीसाठी आलो त्याचं बोलणं वरचढ ठरतं. एकाचं जरी ठाम ‘नाही’ असलं तर आणखी अकरा महिने भाड्यानेच काढा, तोवर इथे फ्लॅट बुक करू नका. आणि करारावर पहिल्यांदा सही करताना त्यात एक महिन्याच्या नोटिशीवर घर सोडण्याचं कलम आहे का, ते वाचून घ्या.