दोन सर्व्हर, आठ व्हीएम: लायसन्स, नेटवर्क आणि लॉगची मांडणी

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) मध्यम कारखान्याचा पसारा साधारण सारखाच असतो: दोन सर्व्हर आणि त्यांवर डोमेन कंट्रोलर (सगळ्यांचे लॉगिन सांभाळणारा), टॅली, ईआरपी, फाइल सर्व्हर, हजेरीचं सॉफ्टवेअर अशा सहा विंडोज आणि दोन लिनक्स व्हीएम (एकाच सर्व्हरवर चालणारे आभासी संगणक). या व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे हायपरव्हायझर, एका दुपारी बसतो. पुढचा खर्च आणि त्रास मात्र सर्व्हरची ऑर्डर देण्याआधीच ठरून जातो. म्हणून कागदावर पहिला आकडा रॅमचा नको, कोअरचा (प्रोसेसरमधल्या स्वतंत्र गणना-भागांचा) लिहा.

विंडोज सर्व्हरचं लायसन्स प्रत्यक्ष कोअरवर मोजतात. प्रत्येक प्रोसेसरमागे किमान ८ आणि सर्व्हरमागे किमान १६ कोअर धरावेच लागतात. हायपरथ्रेडिंगचे थ्रेड (एका कोअरचे दोन भासतात ते) यात येत नाहीत. स्टँडर्ड आवृत्तीत सगळ्या कोअरचं लायसन्स एकदा घेतलं की दोन विंडोज व्हीएम चालवता येतात. पुढच्या दोनसाठी पुन्हा सगळे कोअर. म्हणजे १२ कोअरचे दोन प्रोसेसर असलेल्या सर्व्हरवर सहा व्हीएमसाठी २४ गुणिले ३, म्हणजे ७२ कोअर लायसन्स. एक सर्व्हर पडल्यावर सहाही व्हीएम दुसऱ्यावर उठायला हव्या असतील तर दुसऱ्यालाही ७२, एकूण १४४. सॉफ्टवेअर अश्युरन्स (मायक्रोसॉफ्टचा लायसन्ससोबतचा जादा करार) नसेल तर लायसन्स ९० दिवसांतून एकदाच दुसऱ्या सर्व्हरवर हलवता येतं (कायमचा हार्डवेअर बिघाड हा अपवाद), तेव्हा ‘लागेल तेव्हा हलवू’ हा हिशेब चालत नाही. त्याऐवजी १६ कोअरचा, जास्त क्लॉकचा (वेगाचा) एकच प्रोसेसर घेतला तर ४८ आणि ४८, एकूण ९६. आठ व्हीएमच्या कारखान्याला तो पुरतो, शिवाय टॅली आणि ईआरपीला जादा कोअरपेक्षा जादा क्लॉकच उपयोगी पडतो. एका सर्व्हरवर विंडोज व्हीएम बाराच्या आसपास जाणार असतील तेव्हा डेटासेंटर आवृत्तीचा भाव मागवा. तिच्यात व्हीएमच्या संख्येला मर्यादा नाही.

कॅल, म्हणजे सर्व्हर वापरणाऱ्यांची लायसन्सं, वेगळे घ्यावे लागतात. तीन पाळ्यांत तीन ऑपरेटर एकच पीसी वापरत असतील तर डिव्हाइस कॅल घ्या, एकात काम भागतं. लॅपटॉप आणि मोबाइल दोन्हींवरून काम करणाऱ्या ऑफिस स्टाफला यूजर कॅल परवडतो.

आता हायपरव्हायझरचं लायसन्स. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर ही हायपरव्हायझरची कंपनी घेतल्यानंतर कायमस्वरूपी लायसन्सची विक्री थांबली. आता वर्गणी आहे, तीही कोअरवर, प्रत्येक प्रोसेसरमागे किमान १६. म्हणजे दोन सर्व्हरमधले १२ कोअरचे चार प्रोसेसर प्रत्यक्षात ४८ कोअरचे असले तरी बिल ६४ चं येतं. प्रॉक्समॉक्स या दुसऱ्या हायपरव्हायझरची वर्गणी सॉकेटवर (प्रोसेसरच्या संख्येवर) असते आणि ती न घेताही सगळ्या सोयी चालतात. पण नव्या इन्स्टॉलेशनमध्ये एंटरप्राइझ रिपॉझिटरी (वर्गणीदारांसाठीचा अपडेटचा साठा) चालू असते. वर्गणी नसेल तर ती ४०१ एरर देते, आणि कुणी बघितलं नाही तर अपडेट महिनोन्‌महिने अडकून राहतात. नोडच्या (म्हणजे त्या सर्व्हरच्या) अपडेट्स विभागात रिपॉझिटरीज उघडून ती बंद करा आणि नो-सबस्क्रिप्शनवाली जोडा. या छोट्या कारखान्यांसाठी आमची पसंती प्रॉक्समॉक्सला आहे, म्हणून पुढचं सगळं त्याच्याच संदर्भात.

दोन नोडच्या क्लस्टरला (एकत्र जोडलेल्या सर्व्हरच्या गटाला) तिसरं मत लागतंच. एक नोड पडला की उरलेल्याकडे दोनपैकी एकच मत राहतं, कोरम (निर्णयाला लागणारं बहुमत) जातो आणि बंद व्हीएम सुरू होत नाही. एखाद्या छोट्या मशीनवर, अगदी रास्पबेरी पायवरही, क्यूडिव्हाइस (तिसरं मत देणारा प्रोग्राम) बसवा. ते मशीन क्लस्टरच्या बाहेर हवं.

नेटवर्कसाठी ब्रिज (व्हीएमना सर्व्हरच्या नेटवर्क पोर्टशी जोडणारा आभासी स्विच) व्हीलॅन-अवेअर करा, म्हणजे एकाच तारेवर वेगवेगळी नेटवर्कं (व्हीलॅन) ओळखणारा, आणि व्यवस्थापन, सर्व्हर, कॅमेरे, बॅकअप यांना वेगवेगळे व्हीलॅन द्या. स्विचचा पोर्ट ट्रंक (अनेक व्हीलॅन वाहणारा) ठेवून तेवढेच व्हीलॅन टॅग करा. व्हीएमला आयपी मिळत नसेल तर निम्म्या वेळा स्विचवर तो व्हीलॅन टॅग करायचा राहिलेला असतो. जंबो फ्रेम (नेहमीपेक्षा मोठी नेटवर्क पाकिटं) वापरणार असाल तर दोन्ही टोकांना आणि मधल्या स्विचवरही ९००० बाइटची मर्यादा हवी. फ्रॅगमेंटेशन (पाकिटाचे तुकडे होणं) बंद करून ८९७२ बाइटचा पिंग गेला तरच ते नीट झालं समजा.

सगळ्यात जास्त फसवणारा बिघाड असा: रात्री बॅकअप सुरू होतो आणि एक सर्व्हर आपोआप रीबूट होतो. लोक पॉवर सप्लाय बदलतात, रॅम बदलतात. लॉगमध्ये कोरोसिंकची (क्लस्टरचे नोड एकमेकांशी ज्यातून बोलतात त्या सेवेची) ‘टोकन हॅज नॉट बीन रिसीव्ह्ड’ ही ओळ, त्यानंतर ‘लिंक डाउन’ आणि मग एकदम नव्या बूटच्या ओळी दिसल्या, तर हार्डवेअरला हात लावू नका. बॅकअपने लिंक भरली, कोरोसिंकची पाकिटं उशिरा पोचली, कोरम गेला, आणि हाय-अव्हेलेबिलिटी (पडलेल्या नोडच्या व्हीएम दुसरीकडे आपोआप उठवण्याची सोय) चालू असल्यामुळे साधारण मिनिटभरात वॉचडॉग या राखणदार टायमरने नोड रीसेट केला. उपाय म्हणजे कोरोसिंकला स्वतंत्र नेटवर्क पोर्ट (एक गीगाबिट पुरतो) आणि दुसरी लिंक राखीव.

नवं पीसीआयई कार्ड लावल्यावर किंवा कर्नल अपग्रेडनंतर नेटवर्क पोर्टचं नाव बदलू शकतं. मग ब्रिजखाली पोर्टच उरत नाही आणि सर्व्हर नेटवर्कवरून गायब होतो. प्रत्येक पोर्टचा मॅक पत्ता (कायमचा हार्डवेअर क्रमांक) रॅकवर चिकटवून ठेवा, आणि आयलो किंवा आयड्रॅक (सर्व्हर दुरून हाताळायची त्याच्यातलीच स्वतंत्र सोय) सुरू आहे याची खात्री झाल्याशिवाय दुरून नेटवर्क बदलू नका.

लॉग गोळा करायच्या आधी घड्याळं जुळवा. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे घड्याळं एनआयसी (नॅशनल इन्फॉर्मॅटिक्स सेंटर) किंवा एनपीएलच्या (नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीच्या) एनटीपी सर्व्हरशी, म्हणजे अचूक वेळ देणाऱ्या सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी, जुळवायची असतात, लॉग १८० दिवस ठेवायचे असतात आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते. जुना ईएसएक्सआय (व्हीएमवेअरचा हायपरव्हायझर) सोबत असेल तर त्याचे लॉग यूटीसीत (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत) असतात हे ध्यानात ठेवा: आपल्याकडची पहाटे ४:१० ची घटना तिथे आदल्या दिवशी २२:४० ला सापडते.

जर्नल, म्हणजे लिनक्सचा स्वतःचा लॉग, मुळात डिस्कच्या १० टक्क्यांपर्यंत आणि फार तर ४ जीबीच वाढतं, मग जुनं पुसतं. १८० दिवस त्यात मावतीलच असं नाही. म्हणून आरसिसलॉग या लॉग पाठवणाऱ्या प्रोग्रामने सगळं दुसऱ्या मशीनवर, यूडीपीऐवजी (त्यात पाकिटं हरवू शकतात) टीसीपीवरून पाठवा. ते मशीन याच दोन सर्व्हरवरची व्हीएम नसावं. सर्व्हर बंद पडतो तेव्हाच त्याचे लॉग हवे असतात. एका कामाच्या दिवसाच्या लॉगचा आकार मोजा, १८० ने गुणा, वर त्याच्या निम्मी जागा जादा ठेवा.

लॉगच्या प्रत्येक ओळीवर ईमेल लावलात तर आठवड्यात कुणी वाचणार नाही. झेडएफएस पूल (डिस्कचा एकत्रित साठा) ‘डिग्रेडेड’, स्मार्टमधला (डिस्कच्या स्वतःच्या तब्येत-नोंदीतला) १९७ क्रमांकाचा, म्हणजे वाचता न आलेल्या सेक्टरचा, आकडा शून्याच्या वर, फसलेला बॅकअप, ८००६ पोर्टवर (प्रॉक्समॉक्सच्या वेब पानावर) लागोपाठ चुकलेले लॉगिन, आणि थिन पूल (व्हीएमना लागेल तशी जागा देणारा साठा) ८० टक्के भरला, एवढ्यांवरच सूचना लावा. थिन पूल पूर्ण भरला की त्यावरच्या व्हीएम ‘आयओ-एरर’ दाखवून थांबतात. व्हीएमच्या आतून डिस्क रिकामी दिसते, म्हणून कारण लवकर सापडत नाही. व्हीएमच्या डिस्कवर डिस्कार्डचा पर्याय चालू ठेवला तर पुसलेल्या फाइलींची जागा पूलला परत मिळते.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं होतं, त्यामुळे बडोद्यात तरी रॅक आणि यूपीएस तळमजल्यावर नको, आणि बॅकअपची एक प्रत दुसऱ्या इमारतीत हवी. महिन्यातून एकदा तो बॅकअप वेगळ्या व्हीएम आयडीवर (क्रमांकावर) रिस्टोर करून बघा. रिस्टोर करताना ‘युनिक’ निवडा म्हणजे मॅक पत्ता नवा मिळेल, आणि सुरू करण्याआधी त्या व्हीएमच्या नेटवर्क कार्डवर ‘डिस्कनेक्ट’ची खूण करा, कारण आतला स्थिर आयपी जुनाच असतो, आणि भर दुपारी मूळ टॅली सर्व्हरशी त्याची टक्कर झाली की सगळ्या ऑफिसचं काम थांबतं.