जलपर्णी काढायला येण्याआधी

मुंबईतल्या पवई तलावाच्या काठावर जलपर्णी काढायला येणार असाल, तर दाताळी-कोयते नंतर गोळा करा. आधी ढीग कुठे जाणार ते ठरवा. या वनस्पतीत ९० टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. म्हणून ती काठापासून वर, उताराच्या पलीकडे एक-दोन दिवस निथळू द्यायची आणि मग टेम्पोत भरायची. टेम्पोची तारीख पक्की नसेल तर मोहीम पुढे ढकला. काठावर राहिलेला ढीग पहिल्या पावसात तलावात परत जातो, आणि सांडपाण्यातून तिने शोषलेलं सगळं खतही पाण्यात सोडतो.

महापालिकेची परवानगी लेखी घ्या. वन विभागालाही विचारा, कारण पवईत मगरी आहेत आणि उन्हाळ्यात त्यांची अंडी काठच्या मातीत असू शकतात. गुडघाभर पाण्यातसुद्धा कुणी उतरायचं नाही. काम होडीतून किंवा काठावरून, लांब बांबूला बांधलेल्या दाताळ्यानेच. गमबूट, रबरी हातमोजे हवेतच. पायाला जखम असलेल्यांनी वर राहून मोजदाद करावी. नंतर ताप आला तर डॉक्टरांना तलावाचं नाव आठवणीने सांगा. लेप्टोची, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची शंका त्यावरून येते.

पहाटेच जमा. दुपारी समुद्रावरचा वारा सुटला की अख्खा थर सरकतो आणि साफ केलेली जागा पुन्हा भरते. त्यासाठी रिकामे प्लास्टिकचे कॅन ओवलेला जाड दोर न्या, थराला आडवा बांधा आणि त्याच्या आतलंच काढा. दर वेळी मुळं पाण्यातच हलकेच झटका. त्यांत बोटभर मासे, कोळंबी अडकलेली असतात. गळ टाकणाऱ्यांनी तरी हे विसरू नये! कमळ आणि पाणकणीस यांना हात लावायचा नाही. पावसाळ्यात कमळपक्ष्याचं घरटं तरंगत्या पानांवर असतं, तेवढा तुकडा सोडा.

तणनाशक फवारू या, असं कुणी ना कुणी सुचवेलच. मेलेला थर तळाशी जाऊन कुजतो, पाण्यातला प्राणवायू संपतो आणि पहाटे मासे तोंड वर काढून धापा टाकू लागतात. त्यापेक्षा हाताने, फुलं येण्याआधी काढा. बी गाळात वर्षानुवर्षं टिकतं. इथल्या जलपर्णीचं खत भाजीच्या वाफ्यात घालू नका. सांडपाण्यातले जड धातूही ती शोषून घेते.

निघताना होडी, जाळं, गमबुटांचे तळ घासून पुसा आणि उन्हात वाळवा. खोडाच्या एका तुकड्यापासून नवं रोप सुरू होतं. शेजारी विहार आणि तुळशी हे तलाव आहेत, आणि त्यांचं पाणी मुंबई अजून पिते. दोन आठवड्यांनी त्याच काठावर पुन्हा जमायची तारीख मात्र त्याच दिवशी ठरवून घरी जा. अनुकूल हवेत तेवढ्या वेळात ती दुप्पट होते.