वणव्याचा धूर आणि वावरातला कुत्रा : होळीआधी करून ठेवायची तयारी

वनविभाग आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतो. आपली तयारी त्याच्या आधी झालेली बरी. मोह गळायला लागला की फुलं वेचणं सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो. पुढे तेंदूला कोवळा पाला फुटावा म्हणून रान जाळलं जातं. त्यातच वावरातल्या पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, आणि धुऱ्यावरचं (बांधावरचं) वाळकं गवत. आग दोन-चार कोसांवर असली तरी धूर रात्रीतून गावात येतो. माणसं तोंडाला दुपट्टा बांधून दार लावून घेतात, पण जागलीचा, म्हणजे रात्री वावर राखणारा कुत्रा खोपडीशी बांधलेलाच राहतो. त्याला स्वतःहून कुठे जाता येत नाही, म्हणून सुरुवात साखळीपासून करायची.

तारेने पिळून बांधलेली साखळी आधी काढा. एका हाताने, अंधारातही सुटेल असा हूक किंवा सरकी गाठ ठेवा. गळ्यातल्या पट्ट्यावर न पुसणाऱ्या शाईने मोबाईल नंबर लिहा. वावरात कोणी नसताना आग दिसली तर कुत्रा कोण सोडून आणणार, हे शेजारच्या वावरवाल्याशी आत्ताच बोलून ठेवा. ‘सोडून आणणार’ असं मुद्दाम म्हणतो आहे, कारण नुसतं मोकळं सोडून भागत नाही. आगीने रान सोडलेला बिबट्या, रानडुक्कर, साप गावाच्या कडेला आलेले असतात आणि बिबट्यासाठी कुत्रा म्हणजे नेहमीचं भक्ष्य. त्याला दोरीने सोबत आणावं, आणि बैलगाडीत किंवा गाडीवर बसायची सवय आधीपासून लावावी. पाहुण्यांकडे ठेवायची वेळ आली तर तिथे अनोळखी कुत्री असतात, म्हणून रेबीजची लस वेळेवर द्या आणि तिचं कार्ड घरच्या कागदपत्रांत ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. उन्हाळ्यात कुत्र्याला पहाटे फिरवून आणायची आपली रीत एरवी बरोबर आहे, पण धुराच्या दिवसांत तीच नडते. रात्री जमीन थंड होते, गार हवा खाली बसते आणि धूर तिच्यात अडकून राहतो. ऊन चढल्यावर हवा वर उठते, धूर पांगतो, पण तेव्हा पारा ४४-४५ अंशांकडे निघालेला असतो. म्हणजे गारवा असतो तेव्हा धूर आणि धूर विरतो तेव्हा ऊन. मोहफुलं वेचायला जाणारे याच पहाटेच्या वेळी कुत्रा सोबत नेतात; धूर दिसत असेल त्या दिवशी त्याला घरीच ठेवा. शी-शूसाठी पाच मिनिटं घरामागच्या सांदवाडीत, बाकी धावणं, चेंडू, ढोरांमागे पळवणं सगळं बंद. नागपूर-चंद्रपूरसारख्या शहरांचा हवेचा निर्देशांक केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर दिसतो आणि २०० च्या वर गेला की हवा ‘वाईट’ धरतात. खेड्यात असं यंत्र नसतं, म्हणून एक खूण ठरवून घ्या: गावाची पाण्याची टाकी, पलीकडची टेकडी. रोज स्पष्ट दिसणारी खूण धूसर झाली की कुत्रा बाहेर काढायचा नाही. वारा फिरून ती पुन्हा दिसली तर संध्याकाळी थोडा वेळ न्या.

माणसासारखा घाम कुत्र्याला येत नाही, फार तर पंजांना. तो धापा टाकून अंग गार करतो. जितका तापेल तितक्या धापा, आणि तितका धूर छातीत. म्हणून त्याला गार ठेवणं हाच धुरावरचा अर्धा उपाय. पंधरा किलोच्या कुत्र्याला एरवी दिवसाला साधारण लिटरभर पाणी लागतं. मे महिन्यात दुप्पट धरा. घमेलं सावलीत अर्धं जमिनीत पुरून भोवती ओलं पोतं लावा, म्हणजे पाणी तापत नाही आणि भांडं उलटत नाही. तोंडाला फडकं किंवा मास्क बांधू नका, धापा कोंडतात.

आत ठेवायची जागाही आधी ठरवा. मातीच्या भिंती आणि कवेलूचं छप्पर असलेली खोली उत्तम, टिनाखालची अजिबात नको. कूलर बाहेरची हवा ओढतो. ओल्या गवताच्या जाळीत मोठी राख अडकते, बारीक धूर आत येतोच. त्यामुळे दाट धुरात कूलर बंद, खिडक्यांच्या फटींना ओलं कापड, छताचा पंखा सुरू आणि फरशी ओली. पण खोली भट्टीसारखी तापली तर दार उघडा. उष्माघात धुराहून लवकर जीव घेतो, निवड करायची वेळ आली तर आधी ऊन टाळा. पिल्लं, म्हातारी आणि गाभण कुत्री, जुना खोकला असलेली आणि पगसारखी चपट्या नाकाची, यांना सगळ्यात आधी आत घ्या.

चांगल्या दिवशी एक सवय लावून घ्या. कुत्रा झोपलेला असताना शेवटच्या बरगडीकडे बघा. कूस वर-खाली झाली की एक श्वास. मिनिटाला १५ ते ३० ठीक. गार जागी निवांत पडूनही ४० च्या वर राहिले, खोकला थांबत नसेल, चालताना झोकांड्या जात असतील, तर वाट पाहू नका. ओठ वर करून हिरड्या बघा. गुलाबी हव्यात, निळसर, पांढुरक्या किंवा भडक लाल दिसल्या तर तातडीने दवाखाना. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ आणि आग कळवायला वनविभागाचा १९२६ हे नंबर भिंतीवर लिहून ठेवा. धापा टाकणाऱ्याच्या तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जाऊ शकतं. घरातली तापाची किंवा दुखण्याची गोळी तर मुळीच नको. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन दोन्ही कुत्र्याला विषासारखी बाधू शकतात. डोळे चुरचुरत असतील तर स्वच्छ पाण्याने किंवा सलाइनने धुवा.

जळालेल्या रानात आग विझल्यावरही त्याला नेऊ नका, राखेखाली निखारे तग धरून असतात. अंगावरची राख तो चाटतो, म्हणून परतल्यावर ओल्या फडक्याने अंग आणि पंजे पुसा. छातीत धूर गेलेल्या कुत्र्याची तब्येत दुसऱ्या दिवशीही बिघडू शकते, बरा दिसला तरी लक्ष ठेवा आणि आठ-पंधरा दिवस जागलीला नेऊ नका. गावात मालक नसलेली कुत्रीही असतात. हापशीजवळ सावलीत सिमेंटची एक टाकी ठेवा, आणि राखेचा थर घासून तिच्यात रोज ताजं पाणी कोण भरणार, हे नावानिशी ठरवा.