काडतुसांचे भाव उतरलेत म्हणून केसच्या केस भरताय? या चुका टाळा

इथे अमेरिकेत आमच्या डॅलसच्या मराठी ग्रुपात नेमबाजीच्या रेंजवर जाणारे आता बरेच झालेत, आणि नाईन एमएम या पिस्तुलाच्या नेहमीच्या काडतुसाचा भाव जरा खाली सरकला की मला हमखास फोन येतो की आत्ता भरून ठेवू का अजून थांबू. दरवेळी एकेकाला सांगण्यापेक्षा एकदाच सगळं नीट लिहून काढतो, कारण यातल्या निम्म्या चुका मी स्वतः केल्यात आणि त्यासाठी चांगले पैसे मोजलेत.

जानेवारी २०२१ मध्ये मी नाईन एमएमचे हजार राउंड, म्हणजे हजार काडतुसं, साडेसातशे डॉलरला घेतले, म्हणजे राउंडला ७५ सेंट. त्याच ब्रँडची तीच केस, म्हणजे हजाराचा खोका, २०२३ मध्ये मला २३० डॉलरला मिळाली. मधल्या काळात माझं रेंजवर जाणं वाढलं नव्हतं की कमी झालं नव्हतं, तेच महिन्यातून एकदा आणि तेच शंभर राउंड. मग ते पाचशे वीस डॉलर जास्तीचे कशाचे दिले? तर भीतीचे. दुकानातली शेल्फं रिकामी, माणशी दोनच बॉक्स अशी पाटी, प्रत्येक जण म्हणतोय आता मिळणारच नाही, आणि मी पण घाबरून बटण दाबलं.

भाव कसा पडतो ते न बघता नुसता आकडा बघणं

हे जरा सविस्तर सांगतो कारण बाकी सगळं यावर अवलंबून आहे. ॲमोचा, म्हणजे काडतुसांचा, बाजार आपल्या कांद्यासारखा आहे असं समजा. भाव पडला की शेतकरी पुढच्या हंगामात लागवड कमी करतो आणि मग पुढच्या वर्षी कांदा रडवतो, इथं पण तेच चाललंय. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूकच्या शाळेत गोळीबार झाला, आता कडक कायदे येणार म्हणून लोकांनी दुकानं धुवून नेली आणि पॉइंट २२ सारखी सगळ्यात साधी गोळी पुढची दोन-तीन वर्षं धड मिळत नव्हती. मग २०१६ च्या निवडणुकीत लोकांना वाटलं होतं तसं झालं नाही, ट्रम्प आले, बंदीची भीती गेली, मागणी बसली आणि २०१७ ते २०१९ मध्ये भाव एवढे पडले की नाईन एमएमचा राउंड सतरा-अठरा सेंटला यायला लागला. घेणारे खूश होते, पण बनवणाऱ्यांचं कंबरडं मोडलं. रेमिंग्टनसारखी दोनशे वर्षं जुनी कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि जुलै २०२० मध्ये परत एकदा गेली.

आणि नेमका त्याच २०२० मध्ये कोविड, दंगली, निवडणूक असं सगळं एकदम आलं. एफबीआयच्या बंदूक खरेदीशी संबंधित तपासण्या २०१९ मध्ये २ कोटी ८४ लाख होत्या त्या २०२० मध्ये ३ कोटी ९७ लाखांवर गेल्या. (सगळ्याच तपासण्या म्हणजे विक्री नव्हे, त्यात परमिटच्या पण येतात, पण अंदाज येतो.) नव्या बंदुकवाल्या प्रत्येकाला दोन-चार बॉक्स हवेच होते, आणि अर्कान्सासमधल्या लोनोकचा रेमिंग्टनचा मोठा ॲमो कारखाना तेव्हा कोर्टात लिलावाला लागला होता. प्रायमर, म्हणजे काडतुसाच्या बुडाशी जी ठिणगी पाडणारी टिकली असते ती, अमेरिकेत बनवणारे मोठे हात चारच, सीसीआय, फेडरल, विंचेस्टर आणि रेमिंग्टन. त्यातला एक अडकला की बाकीच्यांनी कितीही शिफ्टा लावल्या तरी पुरं पडत नाही. म्हणून भाव सत्तर-ऐंशी सेंटच्या पुढे गेला, आणि २०२३ पर्यंत हळूहळू उतरून बावीस-चोवीसच्या आसपास आला.

यातून मी एवढंच शिकलो की भाव उतरलेला असतो तेव्हा कोणालाच घाई नसते, आणि घ्यायची वेळ तीच असते. तळ कुठंय ते शोधायचं नाही.

२०१९ चा भाव परत येईल म्हणून थांबणं

ही चूक हुशार माणसं करतात. अहो अठरा सेंटला मिळत होतं, अजून बावीस आहे, थांबू की! पण २०१९ च्या शेवटापासून २०२४ पर्यंत इथली महागाईच साधारण बावीस टक्के झाली, म्हणजे तेव्हाचे अठरा सेंट म्हणजे २०२४ चे बावीसच. हॉटेलात डोसा तेव्हाच्या भावाला मागतो का आपण? शिवाय तांबं, जस्त महागलंय, गोळीतलं शिसं कडक करायला जे अँटिमनी लागतं त्याच्या निर्यातीवर चीनने २०२४ मध्ये बंधनं आणली, आणि पावडरीसाठी लागणारं नायट्रोसेल्युलोज युक्रेनच्या युद्धामुळे तोफांच्या दारूगोळ्याकडे वळतंय. परदेशी माल म्हणजे चेक रिपब्लिकचा सेलिए अँड बेलो, ब्राझीलचा मॅगटेक, कोरियाचा पीएमसी, यांच्यावर २०२५ चं टॅरिफ बसलं ते वेगळंच. रशियन स्टील-केस, म्हणजे पोलादी टरफलाची काडतुसं वापरणाऱ्यांनी तर आशाच सोडावी, टुला आणि वुल्फच्या मालाच्या नवीन आयात परवान्यांवर सप्टेंबर २०२१ पासून बंदी आली आणि एके चालवणाऱ्यांचा स्वस्त काळ तिथेच संपला.

किती लागतं ते न मोजता घेणं

वहीत लिहा, खरंच लिहा. महिन्यातून एकदा जाता आणि शंभर राउंड उडवता म्हणजे वर्षाला बाराशे. २०२० ची टंचाई दीड-दोन वर्षं चालली, म्हणून मी दोन वर्षांचा साठा धरतो, म्हणजे चोवीसशे. त्याच्या खाली गेलो की एक केस मागवतो, भाव दोन सेंट इकडे-तिकडे असला तरी मागवतो. क्रेडिट कार्डावर दहा हजार राउंड घेऊन त्याचं व्याज भरणाऱ्याने भाव उतरल्याचा सगळा फायदा बँकेला दिला असं मी म्हणेन, आणि असा एक जण माझ्या डोळ्यासमोर आहे. पुढेमागे विकून पैसे करू असा विचार असेल तर तो पण सोडा, विकायला काढलं की भाव पडलेला असतो आणि लायसन नसताना धंदा म्हणून विकायला लागलात तर राज्याराज्याचे कायदे वेगळे आहेत.

बॉक्सवरची किंमत बघणं, राउंडची नाही

वेबसाइटवर साडेएकवीस सेंट दिसतं म्हणून अडीचशे राउंड मागवले, झाले ५३ डॉलर ७५ सेंट, त्यावर शिपिंग १५ डॉलर, पडला साडेसत्तावीस सेंटला. कोपऱ्यावरच्या दुकानात साडेबारा डॉलरला पन्नासचा बॉक्स असेल तर तो पंचवीसलाच पडतो. टपाल खातं ॲमो नेतच नाही, सगळं खासगी कुरियरने येतं आणि वजनदार असतं, त्यामुळे ऑनलाइन घ्यायचं तर हजाराची केसच परवडते, नाहीतर दोन मित्रांनी मिळून मागवायचं. वापरलेली काडतुसं घरी परत भरणाऱ्यांना एक जास्तीचं सांगतो, तयार काडतुसांवर लागत नाही पण पावडर आणि प्रायमर मागवले की हॅझमॅटची, म्हणजे धोकादायक मालाची, वेगळी फी लागते, म्हणून ते थोडंथोडं कधीच मागवू नका.

सेल कधी असतो? ब्लॅक फ्रायडे सगळ्यांना माहितीय. कंपन्यांचे रिबेट, म्हणजे खरेदीनंतर काही पैसे परत, येतात ते बघत जा, आणि पावती टाकून देऊ नका, रिबेटची मुदत लोक विसरतात. टेक्सासच्या आमच्या भागात १ सप्टेंबरला डव्ह म्हणजे होल्यांच्या शिकारीचा सीझन उघडतो, त्याआधी ऑगस्टमध्ये शॉटगनच्या शेलवर चांगल्या ऑफर असतात. रायफलचं हंटिंग ॲमो मात्र सीझन संपल्यावर जानेवारी-फेब्रुवारीत बघावं. आणि टंचाईच्या काळात कोणी अर्ध्या भावात माल आहे, पैसे फक्त झेलने (थेट बँक खात्यातून पैसे पाठवायची सोय) पाठवा असं म्हणत असेल तर ती साइट बंद करा.

स्वस्त आहे म्हणून भलतंच घेणं

रायफलचे पॉइंट २२३ आणि ५.५६ हे राउंड दिसायला सारखे, पण पॉइंट २२३ चा चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, असलेल्या रायफलमध्ये ५.५६ चालवू नये, प्रेशर जास्त असतं. थ्री हंड्रेड ब्लॅकआउट हे काडतूस तर पॉइंट २२३ च्या बॅरलमध्ये चुकून गेलं तर रायफल फुटते, हात-डोळे जाऊ शकतात, म्हणून ही दोन्ही ज्यांच्या घरी आहेत त्यांनी मॅगझिनला, म्हणजे गोळ्या भरायच्या डबीला, रंगीत टेप लावावी. नाईन बाय एटीन मॅकरोव्ह हे आपलं नेहमीचं नाईन एमएम नाही, बॉक्सवर नुसता नऊ वाचून उचलू नका. रीमॅन्युफॅक्चर्ड म्हणजे परत भरलेलं ॲमो दोन-तीन सेंटने स्वस्त असतं पण बऱ्याच बंदुकांची वॉरंटी त्यामुळे जाते. इनडोअर रेंजवाले काउंटरवर मॅग्नेट लावून बघतात, गोळी चिकटली म्हणजे तिच्यात पोलाद आहे, की परत बॅगेत, मग ती केस घरी ठेवून करणार काय. कुठलाही नवीन माल आधी एक बॉक्स घ्या, आपल्या बंदुकीत अडकत नाही ना बघा, मगच केस.

गॅरेजमध्ये ठेवणं

टेक्सासचं गॅरेज जुलैत भट्टी असतं. थंड, कोरड्या कपाटात नीट ठेवलेलं काडतूस दशकानुदशकं टिकतं, पण उष्णता आणि दमट हवा यांनी बिघडतं. मी रबरी गॅस्केटचे लष्करी हिरवे डबे वापरतो, आत सिलिका जेलची पुडी, वर खडूने खरेदीची तारीख, जुना डबा आधी संपवायचा. हजार राउंड साधारण बारा किलो भरतात, वरच्या फळीवर चढवू नका. आणि कुलूप हवंच, घरात मुलं असोत नसोत, कारण पाहुण्यांची मुलं येतातच.

व्हिसा आणि राज्य न बघता साठवणं

हे आपल्या लोकांनी दोनदा वाचावं. एच-१बी, एल-१, एफ-१, एच-४ अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूकच नाही तर एक काडतूससुद्धा बाळगता येत नाही. अपवाद आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे अमेरिकेतलं वैध हंटिंग लायसन, पण तो आपल्याला लागू होतो का ते वकिलाला विचारूनच ठरवा, मित्राच्या मित्राने सांगितलं म्हणून नको. शिक्षा १५ वर्षांपर्यंत आहे आणि ग्रीन कार्डाचं काय होईल ते सांगायलाच नको. मी ग्रीन कार्ड आल्यानंतरच या छंदाला लागलो त्याचं कारण हेच. लोक काय करतात, ग्रीन कार्डवाला मित्र भारतात महिनाभर जातो आणि आपले डबे एच-१बीवाल्या मित्राच्या क्लोझेटमध्ये ठेवून जातो. असं करू नका, मित्राचं आयुष्य पणाला लावताय तुम्ही. फिरायला आलेले आईबाबा व्हिजिटर व्हिसावर असतात, त्यांना हौसेनं रेंजवर नेऊन हातात बंदूक देताना पण हाच कायदा आहे.

राज्य बदलताना पण बघा. इलिनॉयमध्ये एफओआयडी कार्ड, म्हणजे बंदूक-काडतुसं बाळगणाऱ्याचं राज्याचं ओळखपत्र, लागतं. कॅलिफोर्नियात राहणाऱ्याला नेवाडातून स्वस्त केस आणून स्वतः घरी नेता येत नाही, ती लायसनवाल्या दुकानातूनच यावी लागते, आणि तिथे १ जुलै २०२४ पासून बंदुका आणि ॲमोवर ११ टक्के जादा टॅक्स आहे. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून प्रत्येक ॲमो खरेदीला तपासणी आणि फी. टेक्सासवाल्यांचा हिशोब कॅलिफोर्नियाच्या बे एरियातल्या भावाला लावू नका.

रेंजची बॅग आणि मुंबईचं विमान

साठा जास्त असला की सुटे राउंड घरभर होतात, बॅगेच्या खिशात, जॅकेटात, गाडीच्या कप होल्डरमध्ये. आणि मग दिवाळीला घरी जाताना घाईत तीच बॅग उचलली जाते. आमच्या ओळखीतल्या एकाच्या बॅगेत अस्तराच्या फटीत पॉइंट २२ चं एक काडतूस राहिलं होतं, इकडून निघताना कोणाच्या लक्षात आलं नाही आणि तिकडून परत येताना विमानतळावर स्कॅनरमध्ये दिसलं. एक. करंगळीच्या नखापेक्षा जरा मोठं. भारतात शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय जिवंत काडतूस जवळ असणं हाच गुन्हा आहे, पोलीस स्टेशन, जबाब, फ्लाइट गेली, मग वकील. जाणूनबुजून ठेवलं होतं का चुकून राहिलं हे कोर्ट बघतं, पण ते सिद्ध होईपर्यंत त्याची सुट्टी संपली, इकडे ऑफिसला काय सांगायचं हा प्रश्न, आणि घरी आईला बीपीचा त्रास सुरू झाला.

तेव्हापासून मी रेंजसाठी एक भडक केशरी बॅग घेतलीय आणि ती डब्यांच्या कपाटातच राहते, प्रवासाच्या बॅगांजवळ येतच नाही. तरी भारतात जायच्या आदल्या दिवशी प्रत्येक बॅग बाथटबमध्ये उलटी करून झटकतो, सगळ्या चेन उघडून, अस्तरात बोटं घालून बघतो, बायकोच्या आणि मुलांच्या पण. पंधरा मिनिटं लागतात.