खालची कवळी दोन इम्प्लांटवर कशी बसवून घ्यावी

वरच्या कवळीला टाळूचा आधार मिळतो. खालच्या कवळीला मात्र झिजलेल्या हाडाची अरुंद कड तेवढी लाभते आणि जीभ तिला सतत उचलत असते, म्हणूनच कितीतरी आजी-आजोबांवर भाकरी आमटीत कुस्करून खाण्याची वेळ येते. ही कवळी घट्ट बसवायला जबडाभर इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवायचे धातूचे स्क्रू, लागत नाहीत. खालच्या सुळ्यांच्या जागी दोन इम्प्लांट बसवून त्यांवर काढता-घालता येणारी कवळी अडकवावी, अशी शिफारस कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात २००२ साली जमलेल्या तज्ज्ञांनी केली होती.

सध्याची कवळी नीट बसत असेल, तर तिच्यातच आतून खाचा करून इम्प्लांटवर अडकणारी बटणे बसवता येतील का, हे आधी विचारावे. नव्या कवळीचा खर्च वाचतो. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांतही चौकशी करावी. अंदाजपत्रक लेखी घ्यावे आणि त्यात एक्स-रे, बटणे व त्यांतल्या पुढे झिजणाऱ्या नायलॉनच्या चकत्या धरल्या आहेत का, हे पाहावे, कारण नेमका हाच खर्च मागाहून अंगावर येतो.

मधुमेह, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि विशेषतः हाडांच्या ठिसूळपणावरील औषधे यांची माहिती डॉक्टरांना अवश्य द्यावी. गोळ्या परस्पर बंद करू नयेत. तंबाखू सोडावीच. हाड इम्प्लांटला धरेपर्यंत साधारण तीन महिने जातात.

कवळी चावून न दाबता दोन्ही बाजूंनी बोटांनी ‘टक्’ आवाज येईपर्यंत बसवावी. रात्री ती पाण्यात ठेवावी आणि इम्प्लांटभोवतीची हिरडी मऊ ब्रशने हलकेच घासावी.